बाभळीचा केला खैर

काटा दिसला की लोक बाभूळ म्हणतात. पान बारीक असलं की बाभूळ, फूल पिवळं असलं की बाभूळ. परवा आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत एक शिकलेसवरलेले गृहस्थ माळ्याला सांगत होते, "ही खैराची झुडपं उपटून टाक." ती देवबाभूळ होती. फांद्या वाकड्यातिकड्या, गोंड्यांना लांबूनच येणारा वास, शेंगा बोटासारख्या जाड. खैराचा आणि तिचा काय संबंध? मी त्यांना चारचौघांत असं काही झापलं की सूनबाई मला हाताला धरून वर घेऊन आली. "आई, एका झुडपासाठी एवढं?" म्हणाली. हो, एवढं. एरवी मी समजूतदार बाई आहे, पण खैर आणि बाभूळ यांच्या बाबतीत नाही, आणि होणारही नाही.

आज ज्याला नवी मुंबई म्हणतात तिथे तेव्हा नवं काही नव्हतं आणि मुंबई खाडीपलीकडे होती. सन साठच्या आगेमागेची गोष्ट. जासईच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. एका अंगाला मिठागरं, एका अंगाला भातशेती. आमचं घर दोन्हीकडचं: पावसात भात लावायचा आणि एरवी खाडीत जाळी टाकायची. खारट जमिनीवर दुसरं काही नीट धरत नाही, म्हणून शेताच्या बांधांवर बाभळीच बाभळी. खैर मात्र आमच्या बांधांवर एकही नव्हता. तो बघायचा तर डोंगराच्या पायथ्याशी जावं लागे.

बाबांना अक्षर येत नव्हतं. झाडं मात्र ते अशी वाचत की आमच्या मास्तरांना पुस्तकसुद्धा तसं वाचता येत नसेल. मला चालता यायला लागलं तेव्हापासून ते मला बांधावर नेत आणि फांदी पुढे धरून विचारत, "आता बोल, ही कुनाची?" चुकले की घरी जाईपर्यंत बोलत नसत. फूल बारा महिने नसतं म्हणून त्यांचा क्रम ठरलेला: आधी काटा, मग पान, फूल असेल तर शेवटी. बाभळीचे काटे जोडीने येतात, सरळ, पांढरे, दाभणासारखे, माझ्या करंगळीएवढे. खैराचेही जोडीने येतात, पण आखूड, तपकिरी आणि आकड्यासारखे वळलेले. बाभळीचा काटा पायात रुततो, खैराचा कपडे धरून ठेवतो. पानाचं म्हणाल तर बाभळीच्या एका देठाला बारीक पानांच्या पाच-सहा जोड्या, फार तर आठ. खैराच्या देठाला पंचवीस-तीस, इतक्या दाट की मोजताना मी नेहमी चुकायची. फुलात तर आंधळ्यानेही फसू नये. बाभळीचा गोल पिवळा गोंडा. श्रावणात आम्ही मुली तो कानात अडकवून मिरवायचो. खैराचं फूल लांबुळकं, बोटभर, फिकट पांढुरकं, बाटली धुवायच्या ब्रशसारखं. शेंगसुद्धा बाभळीची मण्यांची माळ आणि खैराची चपटी, कागदासारखी.

शिकेकाईसुद्धा याच गोतातली, पण ती वेल. अंगभर उलटे काटे. तिच्यात शिरलेली शेळी मेंमें करत तिथेच अडकून बसते. हे सगळं मला अकराव्या वर्षी पाठ होतं. आणि हे सगळं ज्याला येत नव्हतं, अशा माणसाने आमच्या घराला चोर ठरवलं.

नायलॉनची जाळी आमच्याकडे अजून आली नव्हती. जाळी सुताची. सूत खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी जाळ्यांना सालीचं पाणी पाजायचं. बाभळीची साल सोलायची, ठेचायची, मोठ्या कढईत दोन दिवस उकळायची. पाणी लालबुंद होतं. त्यात जाळी बुडवून ठेवायची आणि उघडीप मिळाली की बाहेर काढून वाळवायची. मग ती वर्षभर टिकतात. गावात निम्म्या घरांत हेच चालायचं. पौर्णिमेला नारळ वाहिला की दुसऱ्या दिवशी होड्या पाण्यात जात, आणि ज्याची जाळी तयार नाहीत तो काठावर बसून दुसऱ्याची मासळी बघे.

त्या वर्षी बाबांनी आमच्या थोरल्या बांधावरच्या दुबेळक्याच्या बाभळीचा एक सोट तोडला. एकाच बुंध्यातून दोन सोट वर गेलेले. एक तोडला, दुसरा तसाच उभा. साल काढली, लाकूड पडवीत रचलं, काटेरी फांद्या कुंपणावर टाकल्या. पाला शेळ्यांनी खाल्ला. आम्ही माणसं अशीच. काही वाया म्हणून जाऊ द्यायचं नाही. आणि तेच आमच्या अंगाशी आलं.

पौर्णिमेला दोन दिवस होते. सकाळची वेळ, पाऊस थांबलेला. जंगलचा शिपाई आला. नवा होता. शहरात वाढलेला, कुणाच्या तरी वशिल्याने लागलेला, पायात चकचकीत बूट. झाडं त्याने बहुतेक वखारीतच पाहिली असावीत, आडवी. खैर तोडायला बंदी आहे आणि खैर उकळून कात काढतात, एवढं त्याला कुणीतरी सांगून धाडलेलं. अंगणात कढई, कढईत लाल पाणी, पडवीत लालसर गाभ्याचं सोललेलं लाकूड. त्याचं काम झालं.

"कात काढताय?" त्याने विचारलं.

बाबा हसले. मला ते हसणं अजून दिसतं. त्यांना खरंच वाटलं की साहेब थट्टा करतोय. "कात नाय सायेब, जाली हायेत आत. ही बाबलीची साल."

"लाकूड लाल आहे, पाणी लाल आहे. मला शिकवता?"

बाभळीचं लाकूडही आतून लालसरच असतं, हे बाबांनी त्याला सांगितलं. "झार अजून उबा हाय, सायेब. एक सोट तोरलाय, दुसरा तसाच हाय, पाल्याफुलासकट. चला, दावतो. धा मिन्टांची वाट."

शिपायाने अंगणाबाहेर बघितलं. लावणी झालेली खाचरं, बांध निसरडे, मधे एका ठिकाणी गुडघाभर चिखल. मग त्याने आपल्या बुटांकडे बघितलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या बापाची अब्रू आणि एका माणसाचे बूट समोरासमोर उभे राहिले, आणि बूट जिंकले.

"मला काही बघायचं नाही," तो म्हणाला. "पंच बोलवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाला न विचारता मी पळत सुटले. धडपडत थोरल्या बांधावर गेले, त्या उभ्या सोटाची खालची फांदी ओढली. तळहातात काटा गेला, तो तसाच ठेवला. पानं, काटे, गोंडे सगळं असलेली हातभर फांदी मोडून घेतली आणि चिखलाने बरबटलेली परत अंगणात येऊन उभी राहिले.

तोवर पंच म्हणून आमच्या शाळेचे मास्तर आले होते. मला केवढा धीर आला! मास्तरांनीच तर फळ्यावर काढून शिकवलं होतं, बाभळीचं फूल गोल, पिवळं. मी फांदी शिपायापुढे धरली आणि बाबा मला विचारायचे त्याच क्रमाने सांगत सुटले. काटा बघा, सरळ हाय. खैराचा वाकडा असतो. देठ मोजा. फूल बघा.

"ही बाभूळ आहे हे मलाही दिसतंय," शिपाई म्हणाला. "पण तोडलंय ते हेच झाड कशावरून? गावात बाभळी काय कमी आहेत?"

"मंग चला ना बघायला!" मी ओरडले. "एकाच बुंध्याची हाय. तुमी चला तं!"

"मुलीला आवरा."

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आपल्या छत्रीच्या मुठीकडे बघत होते. "सरकारी काम आहे बाळ," एवढंच म्हणाले. पंचनाम्यावर त्यांची सही सुरेख, वळणदार झाली. त्या अक्षराचं मी तोवर कौतुक करत आले होते.

आता खरी गोष्ट. शिपाई म्हणाला, कढई जप्त, लाकूड जप्त, कढईतली जाळीही जप्त. ओली जाळी गोणीत बांधून पनवेलला न्यायची, चौकशी होईल तेव्हा होईल. सालीच्या पाण्यातून काढलेलं सूत बांधून ठेवलं की चार दिवसांत त्याला भुरी येते आणि आठ दिवसांत ते हातात तुटतं. आमच्याकडे दुसरी जाळी नव्हती. 

"गुन्हा कबूल असेल तर जाळी सोडतो," शिपाई म्हणाला. "दंड भरा आणि मोकळे व्हा."

त्याने वहीत लिहिलं. बाबांना वाचता येत नव्हतं, मास्तरांनी वाचून दाखवलं नाही, म्हणून मी वहीत डोकं घातलं आणि मोठ्याने वाचलं. "खैराचे झाड विनापरवाना तोडले. चूक कबूल आहे."

मला वाटलं, आता बाबा वही भिरकावतील. फांदी चुकीची ओळखली तर लेकीशी न बोलणारा माणूस! बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. कढईकडे बघितलं, मग आभाळाकडे, उघडीप किती वेळ टिकेल याचा अंदाज घेतात तसं. आणि अंगठा पुढे केला.

"बाबा, खैर नाय वो तो!"

"गप ऱ्हा. हात दाखवून अवलक्षन करू नको." त्यांचा अंगठा शाईने निळा झाला. "सायेब, जाली सोरा आता."

एवढ्यावर मिटलं असतं तरी मी कदाचित विसरले असते. वही मिटताना शिपायाची नजर माझ्या हातातल्या फांदीवर गेली. आता त्याला घाई नव्हती. काम झालेलं. अगदी सहज, चहा पिता पिता चौकशी करावी तसं त्याने विचारलं, "खैराचं फूल कसं असतं म्हणालीस?"

मी दात आवळून उभी राहिले. त्याला ठाऊक नव्हतं! खैर कसा दिसतो हे न पाहिलेल्या माणसाने माझ्या बापाला खैरचोर लिहिलं होतं, आणि आता तो मलाच शिकवणी मागत होता.

"सांग सायेबाला," बाबा हळू म्हणाले.

आणि मला सांगावं लागलं. लांबुळकं, पांढुरकं, बोटभर. त्याने मान डोलावली, माझ्या हातातून फांदी घेतली, तिचा शेंडा मोडून वहीत घातला, त्याच पानाशेजारी. उरलेली फांदी अंगणात टाकून दिली.

जाळी वाळली. पौर्णिमेनंतर आमची होडी वेळेवर गेली. गावात सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं, तरी लोकांची तोंडं कोण धरणार? पारावर बाबा दिसले की कुणीतरी विचारी, "काय, कात किती निघाला औंदा?" शाळेत पोरं मला खैरचोराची पोर म्हणत. सहा महिन्यांनी डोंगराखालचे खैर खरोखर तुटले, गाड्या भरभरून गेले, आणि कुणाचाही अंगठा निळा झाला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि बाबांनी मला फांद्या दाखवून विचारणं बंद केलं. त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग यायचा. अंगठ्याचं मी समजू शकत होते, अकराव्या वर्षीही. जाळी कुजली असती तर आम्ही काय खाल्लं असतं हे मला कळत होतं. पण म्हणून बांधावरचा तो धडा का बंद करायचा? तो काय शिपायाने जप्त केला होता?

दोन वर्षं गेली. पौषातली गोष्ट. मी घरात तांदूळ निवडत बसले होते. एक पोरगी धावत आली: शिपाई शाळेसमोर उभा आहे आणि तुला बोलावतोय. मी जाणार नव्हते. बाबा म्हणाले, "चल, मी पन येतो."

शाळेसमोर शिपाई होता आणि त्याच्यापुढे एक कातकरीण उभी होती. डोंगरातून मोळ्या घेऊन यायची त्यांतली. पाठीला झोळीत तान्हं मूल. मोळी जमिनीवर, कोयता शिपायाच्या हातात.  काय लिहायचं ते हा माणूस लिहिणार हे तिला माहीत होतं, जसं आता आम्हाला माहीत होतं.

शिपाई जरा ओशाळल्यासारखा दिसला. मधे कुठे तरी त्याने भलतंच लाकूड खैर म्हणून धरलं होतं, आणि वरच्या साहेबाने त्याची चांगलीच खरडपट्टी काढली होती, हे गावात कळलं होतं. माझ्या बापाच्या वेळी चूक झाली तर कुणी काढली नाही, कारण आमच्यावर चूक झाली तर ती कळतेच कुणाला? आता त्याला खात्री हवी होती.

"तुला ओळखता येतं ना?" तो म्हणाला. "फुलं नाहीत, पाला झडलाय. बघून सांग. खैर असेल तर हिला पनवेलला न्यायला लागेल."

मी मोळीपाशी बसले. बघायला काही लागलंच नाही. एका काटकीला आखूड, तपकिरी, वळलेल्या काट्यांची जोडी होती, आणि तिने माझ्या परकराची कड लगेच धरली. एका देठाचा वाळका सांगाडा उरला होता, दाट, पंचवीस जोड्यांचा तरी. खैर. शंभर टक्के खैर. ज्याची मी दोन वर्षं वाट बघत होते ते घडलं होतं: तो माणूस मला विचारत होता, आणि मी जे म्हणेन ते लिहिणार होता.

मी काटकीवरून परकर सोडवला आणि उभी राहिले. "बाबूल हाय," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्याने तिथल्या तिथे वहीत लिहिलं. चिखल तुडवायला लागला नाही, पंच बोलवायला लागले नाहीत, कशावरून म्हणून विचारलं नाही. खरं सांगताना मी हातात काटा रुतवून घेतला तरी जे त्या वहीत गेलं नाही, ते खोटं सांगताच गेलं, एका दमात. कोयता परत मिळाला. कातकरणीने मोळी डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता भरभर निघून गेली.

घरी येताना बाबा माझ्या शेजारून चालत होते. बांधाच्या वळणाशी म्हणाले, "खैर व्हता."

"हो."

"बरं केलंस." आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी त्यांचा हात झटकला. इतक्या वर्षांनी सांगते, तेव्हा मला त्या शिपायाचा जेवढा राग आला त्याहून जास्त त्या शाबासकीचा आला. त्या बाईला सोडवल्याचा मला पश्चात्ताप नव्हता आणि आजही नाही. पण हा तोच माणूस, ज्याने मला एक देठ चुकलं म्हणून घरापर्यंत अबोल्याने चालवलं होतं. आणि आता मी खैराला बाभूळ म्हटलं तर तो खूश होता.

"बरं काय केलं?" मी ओरडले. "तुमीच शिकवलाव ना मना?"

बाबा थांबले.  खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि माझ्या पुढे होऊन घराकडे चालू लागले. त्यानंतर त्यांच्यापुढे मी कुठल्याच झाडाचं नाव काढलं नाही, आणि त्यांनीही मला कधी विचारलं नाही.